ठकीच्या वतीने

१२ जानेवारी

ठके,

रुसून गेलेल्या माणसाला पत्र कसं सुरू करतात हे मला माहीत नाही, म्हणून सुरुवात गाळतो. फोन तू उचलत नाहीस. पत्ताही मला दिला नव्हतास, वहिनीला दिलास. पण तिच्या पोटात काही राहत नाही हे तुला पक्कं ठाऊक आहे, तेव्हा तो तू मलाच दिलास असं मी धरून चालतो.

आई बरी आहे. तुझं नाव काढत नाही. दुपारचं जेवण झालं की सवयीने खिडकीशी बसते, मान जरा कलती करते आणि वाट बघते. दृष्टी गेल्यापासून रोज त्या वेळी तू तिला वाचून दाखवायचीस. जाताना भांडणात तू म्हणालीस, "इतकी काळजी आहे तर तूच वाच तिला." वाचलं. एक पान झालं नाही तोच आई म्हणाली, "राहू दे बाबा. तू गोष्ट वाचतोयस की कुणाच्या जबड्याची मापं सांगतोयस?" झालं समाधान तुझं?

शनिवारचा वाचनकट्टा मात्र ठरल्याप्रमाणे भरला. मी कवळ्यांच्या कामाचं टेबल पुसलं, प्लॅस्टरचे जबडे वरच्या फळीवर ढकलले, खुर्च्या गोल मांडल्या. तुझीही मांडली, कारण हात सवयीने चालतात. औषधवाले काका सध्या दीपगृहांचा इतिहास वाचतायत. त्यांचं मत असं की पुस्तक उत्तम आहे, पण चारशे पानं नुसता दिवा लागतो आणि विझतो. बाईंनी नवी रहस्यकथा धरली आहे. "लेखकाला अजून पत्ता नाही," म्हणाल्या, "पण खून डॉक्टरनेच केलाय." शाळेतून निवृत्त झाल्या तरी पेपर तपासल्यासारख्याच वाचतात. तुझ्या वहिनीच्या कादंबरीत तीन पिढ्या आणि इतके काका आहेत, की तिने त्यांना नंबर दिलेत. माझं म्हणशील तर पूल बांधणाऱ्या त्या इंजिनियरचं चरित्र. अजून पहिला खांबही पाण्याबाहेर आलेला नाही.

मग आला तुझा नंबर. मला वाटलं, आता गप्प बसतील आणि पुढे जातील. पण बाईंचा नियम तुला माहीत आहे. कुणी आलं नाही तर डाव्या हाताला बसलेल्याने त्याच्या वतीने बोलायचं, काय वाचतोय, कुठवर आलाय, कसं वाटतंय. नंबर गाळायचा नाही. औषधवाल्यांना कावीळ झाली तेव्हा महिनाभर तूच नाकातून बोलून त्यांचा नंबर लावायचीस, आठवतं? त्यांना नंतर सांगितलं तर ते म्हणाले, मी स्वतः याहून बरं बोललो नसतो. पण ते आजारी होते, बरे होऊन येणार होते. तू गेली आहेस. हा फरक बाईंना समजावणार कोण? त्यांनी टेबलावर टिचकी मारली आणि विचारलं, "ठकीच्या वतीने कोण?"

डावीकडे तुझी वहिनी होती. बिचारी कानापर्यंत लाल झाली. मग म्हणाली की ठकी एक कादंबरी वाचतेय, त्यातली बाई नोकरीसाठी नव्या गावात येते, वरच्या मजल्यावर खोली घेते, आणि खालची घरमालकीण रोज सकाळी तिच्या दारात चहाचे दोन कप ठेवून जाते.

"दोन कशाला?" आईने विचारलं.

ठके, तू गेल्यापासून तुझ्या संदर्भात तिने काढलेला हा पहिला शब्द. वहिनी म्हणाली, "तेच कळत नाहीये ना आई, म्हणून तर वाचतेय." पुस्तकाचं नाव? विसरले म्हणाली. हिरवं कव्हर आहे एवढंच सांगितलं. औषधवाल्यांनी पुस्तक ओळखीचं असल्यासारखी मान हलवली.

रात्री आई पोटभर जेवली. मला तुझ्या वहिनीचं फार कौतुक वाटलं. तुला यातलं काही कळवायची गरज नव्हती, पण तुझ्याशिवाय सांगू कुणाला?

दादा

२ फेब्रुवारी

ठके,

उत्तर नाही. ठीक आहे, मी काही नाक घासत बसणारा नाही. फक्त एक गंमत सांगायची राहिली होती.

काल औषधवाले काका तुझ्या डावीकडे होते. डावीकडे म्हणजे खुर्चीच्या. बाईंनी टिचकी मारली. मला वाटलं आता हे घाम पुसणार, पण त्यांनी खाकरून सुरुवातच केली, "खरं सांगू का?" ही तुझी सुरुवात. मिशीतून ऐकायला मजा वाटली. मग त्यांनी गोष्ट पुढे नेली. त्या बाईने एक कप पिऊन दुसरा तसाच ठेवला, तर संध्याकाळी परत आल्यावर तोही रिकामा होता आणि काठाला तिच्याच ओठांचा डाग होता. मग एकदा सकाळी जिना उतरताना तिने खाली स्वतःचा आवाज ऐकला. घरमालकिणीला तो आवाज म्हणत होता, चहा छान झालाय हं.

"अगं बाई," आई म्हणाली आणि टाळी वाजवून हसली. "पान दुमडून ठेवलं असशील तिथे. कितीदा सांगितलं, दुमडू नये."

"छे गं आई! खूण ठेवलीये," औषधवाले म्हणाले.

आम्ही सगळे हसलो. मी जरा कमी हसलो. कारण 'सकाळी' म्हणताना त्यांच्या तोंडून बारीक शीळ वाजली. तुझी शीळ. तुझ्या पुढच्या दोन दातांत ती फट आहे, जी भरून देतो म्हणून मी इतकी वर्षं तुझ्या मागे लागलोय, तिच्यातून 'स' जाताना वाजते तशी. औषधवाल्यांच्या तोंडात त्यांचा स्वतःचा एकही दात नाही. पूर्ण कवळी आहे आणि ती मी बनवली आहे. तिच्यात केससुद्धा जाणार नाही.

नंतर मी त्यांना म्हटलं, जरा कवळी दाखवा, कुठे टवका उडालाय का बघतो. त्यांनी काढून दिली. ठणठणीत होती. म्हणाले, "का हो? छान बसलीय की!" मी म्हटलं, काही नाही.

छापखान्यातलं काम कसं आहे? दिवसभर नुसतं वाचायचं आणि वर त्याचा पगार घ्यायचा, असली नोकरी तुलाच मिळू शकते. चुका तपासताना डोळ्यांना ताण देऊ नकोस.

दादा

२ मार्च

ठके,

तुझं पत्र आलं. चार ओळींचं आलं पण आलं. वहिनीने ते दोनदा वाचलं आणि मी किती वेळा ते सांगणार नाही.

तू लिहितेस, हा पोरकटपणा बंद करा, मी असलं काही वाचत नाहीये. आणि खाली, जणू दुसऱ्याच पेनाने लिहावं तसं, की हल्ली घरी काहीच वाचून होत नाही. पान संपतं आणि उलटलं की आधीचं कोरं. दिवा बदललास, चष्मा बदललास. ठके, हा थकवा आहे. नवं गाव, एकटीचं जेवण. पण तुझं पत्र खिशात ठेवून मी तडक औषधवाल्यांच्या दुकानात गेलो आणि म्हटलं, ते हिरवं पुस्तक मला द्या, ठकीला धाडतो, तिचं मन रमेल.

ते बघतच राहिले. "माझ्याकडे कुठंय? तुमच्या घरचं ना ते?"

"मग तुम्ही पुढचं कसं सांगितलंत?"

"वहिनींनी सांगितलेलं मनात होतं. बोलायला लागलो आणि आलं आपोआप. मला वाटलं, पूर्वी कधीतरी चाळलं असेन."

वहिनीला विचारलं, तर तिने पहिल्या दिवशी थाप मारली होती. पण औषधवाल्यांनी मान हलवली तेव्हा तिची खात्री पटली की असं पुस्तक खरंच आहे आणि ते त्यांच्याकडे आहे. मधल्या शनिवारी बाई बोलल्या होत्या. त्यांना वाटत होतं पुस्तक माझ्याकडे आहे. म्हणजे प्रत्येकजण दुसऱ्याच्या भरवशावर वाचत होता, आणि पुस्तक कुणाकडेच नाही. आयुष्यभर पुस्तकं वाचलेली आम्ही माणसं. न पाहिलेल्या पुस्तकावर ठाम मत देणं आमच्या इतकं अंगवळणी पडलंय, की कुणाला काही खटकलंच नाही.

मला वाटलं, हे कळल्यावर सगळे ओशाळतील आणि विषय संपेल. काल मी सांगितलं, तर ओशाळले खरे. मग बाई म्हणाल्या, "असू दे. पण आता अर्ध्यात सोडायचं? पुस्तक आपलं नाहीच. ठकीचं आहे."

आईने मान कलती केली होती, खिडकीत करते तशी.

डोळे तपासून घे.

दादा

१६ मार्च

ठके,

काल तुझ्या डावीकडे मी होतो.

मी ठरवून बसलो होतो की फाजील काही बोलायचं नाही. म्हणायचं, ठकीला बरं नाही, या आठवड्यात वाचन झालं नाही. एवढं वाक्य मनात चार वेळा घोळवलं. टिचकी वाजली, मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "खरं सांगू का?"

पुढचं मी बोललो असं म्हणवत नाही. मला ती खोली दिसत होती. पलंगाखाली सरकवलेली बॅग, खिडकीच्या काचेला चिकटवलेला कागद, गळका नळ आणि त्याखाली ठेवलेला निळा मग. त्या बाईला आता रस्त्यात कुणी हाक मारत नाही. दुकानदार तिच्यामागच्या माणसाला आधी विचारतो. खाली मात्र तिचा आवाज दिवसेंदिवस मोकळा होत चाललाय, घरमालकिणीशी गप्पा मारतो, हसतो. मी हे सगळं सांगत होतो आणि माझ्या दातांतून शीळ वाजत होती. जिभेने चाचपून बघितलं. माझे दात एकमेकांना चिकटून आहेत, फट नाहीच.

आईने हात पुढे केला. तू वाचताना तुझ्या गुडघ्यावर ठेवायची ना, तसा, रिकाम्या खुर्चीकडे. मी बघत होतो. तो हात खुर्चीवर पडला नाही. वर, गुडघ्याच्या उंचीवर, थांबला आणि तिथेच विसावला. म्हातारं माणूस हात असा अधांतरी किती वेळ धरणार? माझं संपेपर्यंत तिने तो ठेवला, मध्ये एकदा थोपटल्यासारखं केलं. दुसरं कुणी बघितलं नाही. की बघितलं आणि मूग गिळून बसले, देव जाणे.

मला भीती वाटली, हे लिहायला लाज कसली. पण त्याहून जास्त काय वाटलं सांगू? बरं वाटलं. घरात तू आहेस असं वाटलं.

एक विचारायचं होतं. तुझ्या खोलीतला नळ गळतो का?

दादा

६ एप्रिल

ठके,

तुझं पत्र वाचलं. नळ गळतो. खालचा मगही निळाच आहे.

आणि छापखान्याचं. तू तपासलेली पानं चुकांसकट छापून गेली, मालकाने दोनदा समज दिली, तिसऱ्यांदा घरी पाठवेन म्हणाला. तू लिहितेस, "दादा, अक्षरं दिसतात पण वाचलं जात नाही. माझ्याऐवजी कुणीतरी आधीच वाचून टाकल्यासारखं. तुम्ही शनिवारी माझं बोलता ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त. हात जोडते, थांबवा." तू आयुष्यात मला हात जोडले नव्हतेस. लहानपणी माझी खेळण्यातली बोट मोडलीस तेव्हासुद्धा नाही.

थांबवलं. काल मी सगळ्यांसमोर तुझं पत्र वाचून दाखवलं. औषधवाल्यांनी कानाला खडा लावला. वहिनी रडली. बाई म्हणाल्या, नियमापेक्षा पोरगी मोठी. तुझा नंबर आला तेव्हा मी म्हणालो, "ठकी गैरहजर," आणि पुढे गेलो. म्हणजे जायला निघालो.

आईने हे सगळं ऐकलं होतं, पण कानावरून गेलं असावं. ती मान कलती करून थांबली होती. मग हळूच विचारलं, "रागावली का ती? मी काही बोलले का तिला?"

औषधवाल्यांनी पुस्तक मिटलं. वरच्या फळीवरचे जबडेसुद्धा आपले पांढरे पडून ऐकतायत असं वाटलं मला. रात्री आई जेवलीही नाही. आज सकाळपासून तोंड भिंतीकडे करून पडून आहे. वहिनीने चमचा तोंडाशी नेला तर ओठ मिटून घेतले.

पण थांबवलंय. तू निर्धास्त राहा. नोकरी सांभाळ.

दादा

२० एप्रिल

ठके,

आईची तब्येत आता छान आहे. काळजी नसावी. जेवते, चिडते, माझ्या वाचनाची टिंगल करते. काल तर उत्साहात होती. म्हणाली, त्या घरमालकिणीच्या स्वयंपाकघराचं दार आता तरी उघडायला हवं, किती दिवस ती बाई जिन्यातच घुटमळणार.

लिहून गेलो. खोडत नाही. तुला खोडलेलं वाचायची खोड आहे, तू प्रकाशात धरून वाचशीलच.

नाही थांबवलं. थांबवलं होतं. पण आठवडाभर आई पाण्यावर राहिली. डॉक्टर म्हणाले, या वयात असा हट्ट धरून बसली तर हातची जाईल. मग पुढच्या शनिवारी बाईंनी माझ्याकडे बघितलं, मी खाली बघितलं, आणि वहिनी बोलायला लागली. आईने त्या संध्याकाळी दोनदा मागून घेतलं. तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस? आईला भिंतीकडे तोंड करून पडलेलं बघितलं असतंस? माझ्या एका बाजूला ती आणि एका बाजूला तू, आणि मी काही फार शहाणा माणूस नाही, मी दात करतो.

पण आता मला नीट सुचलंय. तू ये. एका शनिवारसाठी ये. तुझ्या खुर्चीत बस आणि तुझ्या तोंडाने बोल. गैरहजर माणसाच्या वतीने बोलतात, हजर माणसाच्या नाही. तू बोललीस की आईला खरी तू मिळशील, तुला तुझं वाचन परत मिळेल, आणि हे काय आमच्या घरात येऊन बसलंय त्याला बसायला जागा राहणार नाही. भांडण गेलं खड्ड्यात. तू गेलीस ते बरोबर केलंस असंही मी म्हणतो, हवं तर लिहून देतो. हे बघ, दिलं.

ये गं. मला तू हवी आहेस.

दादा

४ मे

ठके,

तू काल इथे होतीस, तेव्हा तुला कालचं सांगणं म्हणजे वेडेपणा. पण माझ्या बाजूने कसं दिसलं ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. आणि तू गेल्यावर काय झालं ते तुला माहीत नाही.

तू दारात उभी राहिलीस तेव्हा मी आधी ओळखलं नाही. क्षणभरच, पण नाही ओळखलं. मला वाटलं, कुणी कवळीचं माप द्यायला आलंय. इतकी वाळलीस! मी तुला खुर्चीपर्यंत आणलं, "ठकी आली," असं मोठ्याने म्हणालो, तर औषधवाले "हो का? वा!" म्हणून दीपगृहांत डोकं घालून बसले. बाई तुझ्या मांडीवर छत्री ठेवणार होत्या. मी हात धरला नसता तर ठेवली असती. वहिनीने चहा आणला. तुझ्या खुर्चीपुढे दर शनिवारसारखा एक कप ठेवला. तू तो उचललास. मग ती परत आत गेली, आणखी एक कप घेऊन आली आणि पहिल्याच्या जागी ठेवला. मी आज तिला विचारलं, दुसरा का? तर म्हणाली, "दुसरा कुठला?"

मग टिचकी वाजली. तू समोर बसलेली असताना बाई म्हणाल्या, "ठकीच्या वतीने कोण?"

मी ओरडलोच, "अहो बाई, ही काय बसलीय!"

"बसू दे ना," बाई तुझ्याकडे बघून गोड हसल्या, पाहुण्याकडे बघून हसतो तसं. "पण नंबर ठकीचा आहे."

तेव्हा तू बोललीस. "मी सध्या काहीच वाचत नाहीये. मला वाचता येत नाही आता." आणि मला कळलं की संपलं. 'सध्या'तला 'स' अगदी स्वच्छ होता. तू बोलताना मी तुझ्या तोंडाकडेच बघत होतो, फट जागच्या जागी आहे. फक्त आवाज तिच्यातून जात नाही.

आईने मान वळवली. "कोण आहे गं ही? आवाज गोड आहे. चहा दिलात का तिला?"

तू तिच्यापाशी गेलीस, खाली बसलीस, तिचा हात घेऊन स्वतःच्या तोंडावर ठेवलास. "आई, मी आहे," म्हणालीस. आईने तुझं कपाळ चाचपलं, नाक, हनुवटी. फार मायेने. मला वाटलं, आता होईल. आई म्हणाली, "दमलीस गं पोरी. घरी तुझी आई वाट बघत असेल. उजेड आहे तोवर नीघ." मग तुझा हात बाजूला ठेवला, तोंड खुर्चीकडे फिरवलं आणि म्हणाली, "हं, ठके. सांग पुढे."

औषधवाल्यांनी खाकरून सुरुवात केली.

तू उठलीस. दारात थांबून म्हणालीस, "दादा, स्टँडपर्यंत चल ना माझ्याबरोबर." मी म्हणालो, "हो, तू हो पुढे. आलोच."

मी आलो नाही. तू किती वेळ मागे बघत चाललीस मला माहीत नाही. बस सुटेपर्यंत तू खिडकीची जागा धरून रस्त्याकडे बघत असशील, याची कल्पना मात्र मला तिथे बसल्या जागी येत होती. आणि तरी मी उठलो नाही. आई एकटी होती म्हणून नाही, गुडघा दुखतो म्हणूनही नाही. ती बाई जिना उतरून खाली आली होती. तिने स्वयंपाकघराच्या दाराला हात लावला होता. मला ऐकायचं होतं. एवढं प्रकरण संपलं की पळत जाऊ, असं मी स्वतःला सांगत राहिलो आणि पुढे सरसावून ऐकत राहिलो. सख्खी बहीण रस्त्यात सोडून.

तिने दार उघडलं. आत कोण होतं ते तुला सांगता येत नाही. शेवट फोडायचा नाही हा बाईंचा दुसरा नियम.

मला झोप नाही. मी काय केलं ते मला कळतंय. ठके, तू चिडून लिही, शिव्या घाल, परत तोंड बघणार नाही म्हण. पण लिही. माफ केलं असशील तर तेही लिही, एवढं तरी मागायचा मला हक्क आहे की नाही माहीत नाही, पण मागतो. वहिनीला मी यातलं काही सांगितलेलं नाही. तू आणि मीच. मी टपालाची वाट बघतोय.

दादा

२५ मे

प्रिय ठके,

तीन आठवडे मी दारात उभा राहून पोस्टमनची वाट बघितली. काही आलं नाही. मग छापखान्यात फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, "कोण?" मी तुझं पूर्ण नाव सांगितलं, काम सांगितलं. तो कुणाला तरी विचारून परत आला आणि म्हणाला, तपासायला आमच्याकडे एक जागा आहे, पण ती कधीची रिकामीच आहे. मी तुझ्या पत्त्यावर यायला निघालो होतो. खरंच निघालो होतो, बॅग भरून दाराशी ठेवली होती.

पण मध्ये शनिवार आला.

काल तुझ्या डावीकडे तुझी वहिनी होती. ती म्हणाली, "खरं सांगू का? ते हिरवं पुस्तक संपलं. सध्या मी दादाची पत्रं वाचतेय." सगळे हसले. आईने विचारलं, "कशी आहेत गं?" वहिनी म्हणाली, "लांबण फार लावतो. स्वतःची बाजू तीनतीनदा सांगतो. शेवटचं पत्र तर मी तीन वेळा वाचलं. स्टँडवर आला नाही म्हणून त्याने केवढं मनाला लावून घेतलंय! मला आवडलं ते पत्र. मी रागावलेली नाहीये त्याच्यावर. माफ केलं."

"दादाच तो," आई म्हणाली. "त्याच्यावर काय रागवायचं."

मी सगळ्यांसमोर हमसून रडलो, ठके. वहिनी घाबरली, पाणी घेऊन आली आणि विचारत राहिली, अहो काय झालं, मी काय बोलले? तिला काही आठवत नव्हतं. मी म्हटलं, काही नाही, जीव भांड्यात पडला. रात्री मी बॅग रिकामी केली, कपडे परत कपाटात लावले, आणि कितीतरी दिवसांनी गाढ झोपलो.

तर तुझं उत्तर पोचलं, एवढंच कळवायला हे पत्र. आता तू वेगळं काही लिहू नकोस. तुला जमलं तरी लिहू नकोस. उगाच दोन उत्तरं आली आणि ती जुळली नाहीत, तर तुझं कुठलं धरायचं ते मला ठरवावं लागेल, आणि मी कुठलं धरेन हे आता तुलाही माहीत आहे.

तुझा
दादा